दोन कांड्यांचं वजन

नाही मॅडम, तो शब्द आधी खोडा. अल्पशिक्षित. तो कागद मी लिहिलेला नाही, विशालच्या वकिलाने टाइप करून पाठवलाय. विशाल माझा मुलगा. मागच्या गोडाऊनला सुपरवायझर आहे, ड्युटी सोडून येता येत नाही, म्हणून सकाळीच टेबलावर ठेवून गेला — बाबा, पतपेढीच्या चौकशीवाल्या मॅडम आल्या की यावर सही करा आणि गप बसा. गप बसा म्हणाला. ‘मी, चिंधू भोईर, राहणार अंजूर, वय शहात्तर, अल्पशिक्षित व वयोवृद्ध असून, पतपेढीचा संचालक या नात्याने केवळ विश्वासापोटी सह्या केल्या, व्यवहारांची मला काहीही कल्पना नव्हती.’ तीनदा वाचला मी. वाचता येतं मला. चौथीपर्यंत शाळेत गेलो, बोट ठेवून वाचतो, वेळ लागतो, पण वाचतो. वयोवृद्ध राहू द्या, ते दिसतंच आहे. दुसरा शब्द खोडा. — खोडता येत नाही? एकतर यावर सही, नाहीतर नवीन जबाब? मग नवीन. काढा पेन. चहा घ्या आधी. साखर जास्त असेल, सरकारी माणूस आला की माझी बायको, गुणाबाई, साखर जास्त टाकते. पतपेढीच्या तपासनिसालाही असाच पाजला होता तिने, त्याला गोड लागला होता.

वर काय बघताय? पत्रे आहेत. नवीन आहेत, ऊन चढलं की तडतड वाजतात. गेल्या वर्षी मे महिन्यात टाकले. ते तुमच्या चौकशीत नाही.

काम? लिहा, फोल्डिंग. भिवंडीत, फखरुद्दीन शेठच्या कारखान्यात, बेचाळीस वर्षं. फोल्डिंग म्हणजे काय ते माहीत नसेल तुम्हाला. लूमवरून कापड उतरलं की टेबलावर घ्यायचं, दोन टोकांना लोखंडाच्या पट्ट्या, मधे बरोबर एक मीटर, इकडून तिकडे घडी घालत जायचं आणि मोजत जायचं, शंभर झाले की तागा. कोपऱ्यावर आकडा लिहायचा, आकड्याखाली माझी सही. मुंबईचा व्यापारी माल उतरवून घेताना बाकीच्यांचे तागे उलगडायचा, मोजायचा. माझे नाही. एकदा एक नवीन व्यापारी आला, त्याने माझा तागा मोजला — शंभर मीटर भरला, वर चार बोटं. त्याने शेठची माफी मागितली. माझी नाही मागितली, कामगाराची कोण मागतो, पण मी तिथेच उभा होतो, मला ऐकू आलं. आणि मोजायच्या आधी, नुसता हातात घेतला की कळायचं मला, याचं सूत बारीक आहे, हा दोन मीटर कमी भरणार. वजनकाटा लागत नव्हता. हा हात. बघा, अजून थरथरत नाही.

म्हणून तर आला मनोज. मॅनेजर मनोज — आमच्याच गावचा, बी.कॉम., बोलायला गोड. दारातून आत येताना वाकला. काका, पतपेढीवर तुमच्यासारखा माणूस पाहिजे, लोकांचा तुमच्या सहीवर भरवसा आहे. मी म्हटलं मला त्यातलं काही कळत नाही. म्हणाला, कळायला आम्ही आहोत ना. तेव्हाच उठवायला पाहिजे होता त्याला. नाही उठवला. कारण त्याने माझ्या नावाची पाटी बनवून आणली होती बरोबर. पितळी. ‘श्री. चिंधू भोईर, संचालक.’ बेचाळीस वर्षं कापडाच्या कोपऱ्यात नाव लिहिलं मी, आणि ते कापड रंगायला गेलं की पहिल्याच धुण्यात नाव जायचं. ही पाटी पितळेची होती. मग खुर्ची दिली. खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल. एसी चालू, घाम कोणाला नाही, तरी टॉवेल. टॉवेल असला की माणूस मोठा दिसतो.

आणि त्या खुर्चीच्या वर, बरोबर माझ्या डोक्यावर, फ्रेम. लेखापरीक्षण वर्ग ‘अ’. दरवर्षी एक, सात वर्षं सात फ्रेमा, भिंत पुरेना. माणूस ठेव ठेवायला आला की आधी फ्रेमकडे बघायचा, मग खाली माझ्याकडे, मग पैसे काढायचा. त्या फ्रेमा कोणी दिल्या? मी दिल्या? तपासनीस साहेब यायचे. अकराला यायचे, साडेबाराला जेवायला बसायचे, पापलेट लागायचं, तळलेलं, चार वाजता सही करायचे. मधे एकदा एसी कमी करायला सांगायचे, तेवढी तपासणी. ते कोण होते मॅडम? अल्पशिक्षित? त्यांचा कागद कोणत्या वकिलाने टाइप केला? — त्यांची चौकशी वेगळी आहे. वेगळी म्हणजे कुठे? कोणाच्या घरी बसून चाललीय? — प्रस्तावित. बरं. प्रस्तावित. आमची सुरू आणि त्यांची प्रस्तावित. आणि ती नोटीस, तुमच्या ऑफिसची, शटरवर चिकटवलेली — ठेवीदारांनी गुंतवणूक करताना सावधगिरी बाळगावी. वाचली मी, बोट ठेवून. छान लिहिलीय. शटर बंद झाल्यावर चौथ्या दिवशी लावली. रागावू नका, तुम्ही नवीन आहात, तुमच्या वेळची नाही ती.

सभेत काय व्हायचं? अहवाल वाचायचे. एका बाजूला भांडवल आणि देणी, दुसऱ्या बाजूला जिंदगी आणि येणी. मी विचारलं, जिंदगी म्हणजे काय? मनोज म्हणाला, काका, जिंदगी म्हणजे मालमत्ता. मी म्हटलं, आमच्या जिंदगीत मालमत्ता कधी आली नाही. सगळे हसले, बटाटवडे आले, अहवाल मंजूर. मला वाटलं मी काहीतरी हुशारीचं बोललो. पुढच्या वर्षी मनोजने स्वतःच म्हटलं, काका, तो जिंदगीवाला सांगा. मी सांगितला. परत हसले. परत मंजूर.

मनोज आता कुठे आहे ते तुम्हाला माहीत असेल. हॉस्पिटलात. छातीत दुखतं त्याच्या. पोलीस आला की दुखतं, वकील आला की थांबतं. चाळिशीचा माणूस. आणि मी शहात्तरचा — शटर पडलं त्या सकाळी दोनशे माणूस होतं बाहेर, निम्म्या बायका, एकीने माझ्यावर चप्पल उगारली, माझ्या छातीत काही झालं नाही. पळालो नाही. पायरीवर उभा होतो, दुपारपर्यंत. ते लिहा. बाकीचे नऊ संचालक कुठे होते विचारा. एक वज्रेश्वरीला देवीच्या दर्शनाला गेला होता, सहकुटुंब, सहा दिवस.

मारली नाही चप्पल. आबिदा मधे आली.

तीच आबिदा, हो. तुम्ही चार वाजता बोलावलीय ती. किती वाजले? साडेतीन. येईल, वेळेची पक्की आहे. ती आमच्या कारखान्यात कांड्या भरायची. कांडी म्हणजे — लूमच्या धोट्यात बसते ना, लाकडावर सूत गुंडाळलेली, बोटापेक्षा जरा लांब, ती. माझ्या टेबलासमोर तिचं मशीन, तीस वर्षं. दिवसाला किती कांड्या माझ्या हातून गेल्या असतील, तिचा हात दुखला की टोपली मी उचलून द्यायचो. मला चाचा म्हणते. नवरा लवकर गेला, दुसरं लग्न केलं नाही. गेल्या वर्षी शेठनी कारखाना बंद केला. लूम भंगारात काढले, किलोच्या भावाने, काट्यावर चढवून. तिथे आता गोडाऊन होतंय. पण शेठ जुन्या चालीचे, जाताना प्रत्येकाला काहीतरी दिलं. आबिदाला एक लाख ऐंशी हजार. तिच्या घरमालकाने खोली खाली करायला सांगितली होती, वर्षभराची मुदत दिलेली, तेवढ्यात हे पैसे वाढवायचे आणि दुसऱ्या खोलीचं डिपॉझिट भरायचं, असं तिचं होतं. वर्ष सरलं. खोली गेली. आता पडघ्याला बहिणीकडे राहते, जिन्याखाली गादी घालून.

आणि ती माझ्या बाजूने साक्ष द्यायला येतेय. पडघ्याहून, दोन गाड्या बदलून, स्वतःच्या खर्चाने. विशालच्या वकिलाला फार आनंद झाला. म्हणाला, बुडालेल्या ठेवीदाराचीच साक्ष, याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे. ती काय सांगणार ते मला पाठ आहे, शटरसमोर ओरडून सांगत होती त्या बायकांना — चाचा को क्या मालूम, चाचा पढ़े-लिखे नहीं हैं, उनको तो फँसाया है. फँसाया. या ईदलासुद्धा शीरखुर्म्याचा डबा आला तिचा. बहिणीच्या चुलीवर करून पाठवला. गुणाबाईने खाल्ला. मला गोड चालत नाही.

मला फसवलं, हे ऐकून घ्यायचं मी. बेचाळीस वर्षं बाजारात एका माणसाने मला फसवलं नाही. कारागिराने सूत चोरलं तर तागा उचलताना कळायचं, त्याच्या तोंडावर सांगायचो. या हाताला फसवता येत नाही मॅडम. मनोजला नाही, त्याच्या बापाला नाही.

काय? — पिशव्या? सोनं ठेवून कर्ज दिलेलं, त्या पिशव्या? हो, मोजल्या. दरवर्षी एकतीस मार्चला दोन संचालकांनी तिजोरीसमोर बसून मोजायच्या, त्या वर्षी माझा नंबर होता. दोनशे बारा. आकडा बरोबर होता, तसं लिहून सही केली, ‘पिशव्या दोनशे बारा, बरोबर.’ तुमच्याकडे असेल तो कागद. उघडायच्या नव्हत्या, लाखेचं सील असतं. — हातात? हातात घेतल्याशिवाय मोजता येतात का?

हे असं विचारायचं नाही मॅडम. ‘मग हाताला कळलं नाही का.’ शिकलेल्या माणसाने असं विचारायचं नाही.

कळलं. पहिल्याच पिशवीला कळलं. चिठ्ठीवर लिहिलेलं दहा तोळे. दहा तोळे म्हणजे आबिदाच्या दोन भरलेल्या कांड्या, लाकडासकट. तीस वर्षं त्या कांड्या हाताळल्यात मी, झोपेत दिल्या तरी सांगेन. पिशवीत एका कांडीचं वजन नव्हतं. मला वाटलं ही एक असेल. दुसरी घेतली. तिसरी घेतली, तिच्यावर पंधरा तोळे, आत काय होतं कोणास ठाऊक, पण पंधरा तोळे नव्हते. मी मनोजला म्हटलं, ही हलकी आहे. हळू नाही म्हटलं, सगळ्यांसमोर म्हटलं. कॅशियर होता, दुसरा संचालक होता, शिपाई होता. मनोजने पिशवी माझ्या हातातून घेतली, आणि हसला, आणि म्हणाला, काका, कापडाचा हात वेगळा, सोन्याचा वेगळा, घरात कधी दहा तोळे उचललेत का? सगळे हसले. शिपाईसुद्धा. दहा तोळे माझ्या घरात कधीच नव्हते, ते खरंच. आणि मग — हे लिहिताय? लिहा — मग मी पण हसलो. पुढच्या दोनशे नऊ पिशव्या मी मान खाली घालून मोजल्या. बोट लावून. उचलल्या नाहीत. आणि सही केली. कोपऱ्यात.

बोलायला पाहिजे होतं. कोणाला? सांगा ना. तुमच्या पापलेटवाल्या साहेबांना? ते सात वर्षं ‘अ’ देत होते. त्यांच्यापुढे जाऊन सांगू, की मी चिंधू, चौथी शिकलेला, माझ्या हाताला हलकं लागलं? त्यांनी लेखी द्या म्हटलं असतं. मी काय लिहून देणार, दोन कांड्या? आणि लोकांना सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी शटरसमोर रांग लागली असती, आणि मनोज म्हणाला असता, म्हाताऱ्याने अफवा पसरवून पेढी बुडवली. बुडली असती. सगळ्यांचेच—

हा कुठला कागद?

दाखवा. बोट ठेवू द्या. ‘भोईर चिंधू, मुदत ठेव, मुदतपूर्व बंद, दोन एप्रिल.’ म्हणजे होतं तुमच्याकडे. आल्यापासून होतं. मग मघापासून पत्रे कशाला बघत होता, सरळ विचारायचं. तीन लाख दहा हजार. हो. एकतीस मार्चला पिशव्या, एक तारखेला पेढीला सुट्टी, दोन तारखेला उघडल्या उघडल्या मी. व्याज कापलं, कापा म्हटलं. मनोजने का म्हणून विचारलं नाही. मीच म्हटलं, पत्रे बदलायचेत. तो म्हणाला, बदला काका, पावसाच्या आधी बदला. त्याला कळलं होतं मला काय कळलंय ते, आणि चहा पाजला त्याने मला, आपल्या हाताने. गुणाबाई म्हणाली, जुनं पत्रं गळत न्हाय, घाई कशाची? मी तिला गप बसवलं. जसं विशालने मला. माणूस लावला आणि पत्रे टाकले. घराला जे करायचं ते केलं असं म्हटलं की माणसाला झोप लागते. मेपासून मला लागलेली नाही, पण ते वाजतात म्हणून.

खाली अजून एक ओळ आहे ना त्या कागदावर? तुम्ही अंगठा ठेवलाय तिच्यावर. काढा अंगठा. मला माहीत आहे. अकरा एप्रिल. आबिदा.

त्या दिवशी शेवटचे लूम उचलत होते. मी शेठना भेटायला गेलो होतो. दारात ट्रक, आत भंगारवाल्याचा काटा, आणि ती भिंतीला टेकून बसलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत पैसे. मला बघून उठली. म्हणाली, चाचा, पेढी में डाल दूँ? तुमने हाथ में लेके देखा है ना? — हे असंच विचारतात आमच्या कारखान्यात. कारागीर विचारायचा, शेठ विचारायचे, व्यापारी विचारायचा, चिंधूने हातात घेऊन बघितलं ना? मी हो म्हटलं की पुढे कोणी मोजायचं नाही. मी म्हटलं, हाँ, देखा है.

खोटं बोललो नाही. हातात घेऊन बघितलंच होतं.

तुम्ही विचारत नाही आहात, पण तुमच्या तोंडावर दिसतंय. का? वीस पावलांवर शेठ होते, पैसे त्यांच्याकडेच ठेवता आले असते, तिला एवढंच म्हणायचं होतं, नको, थांब. दोन शब्द. पण दोन शब्द बोललो असतो तर तिने विचारलं असतं, का चाचा? आणि मग सांगावं लागलं असतं की अकरा दिवसांपूर्वी मी जी सही केली ती न उचलता केली. तिच्यासमोर. जिने तीस वर्षं माझी सही झालेला तागा गाडीत चढताना बघितला. मला वाटलं, पेढी काय लगेच पडते का, फ्रेमा आहेत सात, वर्ष निघेल, तिची खोली होईल, कोणाला कळणार नाही. ऑगस्टमध्ये पडली. मी पैसे वाचवले मॅडम, आणि तिच्यासमोर सही वाचवली. तिचं काय वाचलं ते विचारू नका.

पेन का थांबलं? लिहा. तुमच्या ऑफिसला पाहिजे तसं नाही, मी सांगतो तसं. हातात घेतली, हलकी लागली, सांगितलं, हसले, मी हसलो, सही केली. दोन तारखेला माझे काढले. अकरा तारखेला आबिदाला हो म्हटलं. अल्पशिक्षित कुठे येऊ देऊ नका त्यात. आणि शेवटी एक ओळ — हा जबाब तपासनीस साहेबांच्या प्रस्तावित चौकशीत जोडावा. येत नाही? नियमात बसत नाही? मग तुमच्या जबाबदारीवर लिहू नका. माझ्या लिहा. मला आता कोण काय करणार.

विशाल ओरडेल. ओरडू दे. वकिलाची फी त्याने भरलीय.

झालं? द्या इकडे. थांबा, वाचू द्या. घाई करू नका, सात वर्षं घाईच केली मी. ...‘हलकी भासली’. भासली नाही, होती. हलकी होती असं करा. हां. आता पेन द्या. कोपऱ्यातच करतो सही, सवय आहे.

रिक्षा थांबली. बघा, चारला दहा कमी. म्हटलं नव्हतं? ये आबिदा, ये. चप्पल राहू दे, आत ये. या चौकशीच्या मॅडम. पाणी पी. नाही — तू काही बोलू नको आता. वकिलाने काय शिकवलंय ते राहू दे, नंतर बोल, बोलावंसं वाटलं तर. ही खुर्ची घे, इथे, पंख्याखाली.

मॅडम, तिला मराठी वाचता येत नाही. तुम्ही वाचा. माझं नाव, गाव, वय राहू दे, ते तिला माहीत आहे. पहिल्या पिशवीपासून वाचा. मोठ्याने वाचा, पत्रे वाजतात.